आयोडीनला न जुमानणाऱ्या गाठी

खडकीतल्या एखाद्या बाईंची थायरॉइड ग्रंथी कर्करोगामुळे काढली, की गळ्यावरची जखम लवकर भरते. तपासण्या मात्र वर्षानुवर्षं सुटत नाहीत. या तपासण्यांचं राज्यातलं जुनं ठिकाण म्हणजे परळचं रेडिएशन मेडिसिन सेंटर. अणुऊर्जा खात्याने ते १९६३ साली टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या शेजाराने सुरू केलं. लागणारं आयोडीन-१३१ तुर्भ्याच्या अणुभट्टीत तयार होतं आणि आठ दिवसांत निम्मं होतं, त्यामुळे साठा करून ठेवायची सोय नाही.

युक्ती साधी आहे. थायरॉइडची पेशी शरीरात कुठेही जाऊन बसली तरी आयोडीन ओढून घेते. किरणोत्सारी आयोडीन पाजायचं आणि गॅमा कॅमेऱ्याखाली रुग्णाला निजवायचं. गंमत म्हणजे या कॅमेऱ्याचा स्फटिकही सोडियम आयोडाइडचाच असतो. साध्या एक्स-रेला न दिसणारी फुप्फुसातली बारीक पेरणीसुद्धा त्यात उमटते.

तयारी मात्र जिवावर येते. पेशींना आयोडीन ओढायला लावणारं टीएसएच हे संप्रेरक तीसच्या वर चढावं म्हणून थायरॉइडच्या गोळ्या तीन-चार आठवडे बंद. अंग सुजतं, थंडी वाजते, पायऱ्या चढवत नाहीत. आयोडीनयुक्त मीठ वर्ज्य. मध्येच कुणी आयोडीनचा रंग टोचून सीटी स्कॅन केला, तर पेशी त्या आयोडीनने भरून जातात आणि स्कॅन पुढे ढकलावा लागतो. ही चूक टाळता येण्यासारखी आहे. रंगात आयोडीन आहे का, हे रुग्णाने स्वतःच विचारलेलं बरं.

एवढं करूनही चित्र फसवतं. लाळग्रंथी आणि आतडी आयोडीन घेतातच; रुमालाला लागलेली थुंकीही ठिपका होऊन उमटते. असा ठिपका नेमका कुठे आहे, हे कॅमेऱ्याचं चित्र सीटीवर बसवणाऱ्या स्पेक्ट-सीटीमुळे कळतं. पण खरी अडचण उलट टोकाची आहे. थायरॉइडच्या पेशीच बनवतात ते थायरोग्लोब्युलिन हे प्रथिन रक्तात वाढतंय आणि स्कॅन कोरा! आजार परतलाय, पण पेशी इतकी बिघडली आहे की तिने आयोडीन घेणंच सोडलंय. कॅमेऱ्याला गाठ दिसत नसते, पेशीची सवय दिसते. सवय गेली की कॅमेरा आंधळा. म्हणून कोरा स्कॅन हातात घेऊन पेढे वाटू नयेत. त्यात रक्तात थायरोग्लोब्युलिनविरोधी प्रतिपिंडं असतील, तर तो आकडाही खोटा कमी येतो.

अशा बिघडलेल्या पेशी साखर मात्र अधाशासारख्या खातात. तिथे किरणोत्सारी साखर टोचून केलेला पेट-सीटी कामी येतो. त्या साखरेला जोडायचं फ्लोरिन-१८ जेमतेम ११० मिनिटांत निम्मं होतं. ते जागेवरच तयार व्हावं म्हणून २००२ साली परळच्या केंद्रात सायक्लोट्रॉन आला. वैद्यकीय कामासाठीचा तो देशातला पहिला. अर्थात सुजलेली साधी लसिकाग्रंथीही साखर खाते, म्हणजे तिथेही चकवा आहेच.

गळ्यापुरतं पाहायचं तर साधी सोनोग्राफीच पहिली. शस्त्रक्रियेचा वण, टाक्याभोवती धरलेली गाठ आणि परतलेला कर्करोग यांत फरक करणं तिथे अनुभवी नजरेचं काम. शंका आली तर सुईने पेशी काढतात आणि सुई धुतलेल्या पाण्यातही थायरोग्लोब्युलिन शोधतात. गाठ आठ-दहा मिलिमीटरपेक्षा लहान असेल, तर बहुतेकदा सुईही न लावता काही महिन्यांनी पुन्हा सोनोग्राफीला बोलावतात.