पहिला पासपोर्ट : आधी नावे जुळवावीत, मग तिकीट काढावे

लेकीचे बाळंतपण परदेशात व्हायचे असते, तिकिटाची चौकशी सुरू होते आणि ऐनवेळी ध्यानात येते की आईचा पासपोर्टच काढलेला नाही. व्यापारी कुटुंबांत हा प्रसंग अपूर्वाईचा नाही. घरातील कर्ता पुरुष खरेदीसाठी दुबई-बँकॉकला जाऊन आलेला असतो. मुलांच्या शिक्षणासाठी फाइल तयार असते. साठीकडे झुकलेल्या गृहिणीची कागदपत्रे मात्र कपाटातल्या जुन्या पिशवीत पडून राहतात.

अर्ज भरणे फारसे अवघड नाही. अवघड असते ती नावांची जुळवणी. शाळेच्या दाखल्यावर माहेरचे नाव, आधारवर सासरचे, तर बँकेच्या पुस्तकावर तिसरेच. कोठे ‘शहा’, कोठे ‘शाह’. कोठे ‘लालचंद’ सलग, कोठे तोडून लिहिलेले. खतावणीत एका शून्याने रक्कम बदलते, तसा कागदोपत्री एका अक्षराने माणूस बदलतो. म्हणून प्रथम आधार व पॅन यांवरील नाव आणि जन्मतारीख एकसारखी करून घ्यावी. अर्ज त्यानंतरच भरावा.

जन्मदाखला नसलेल्या ज्येष्ठांनी धास्ती बाळगण्याचे कारण नाही. १ ऑक्टोबर २०२३ पूर्वी जन्मलेल्यांना शाळा सोडल्याचा दाखला, पॅन, मतदार ओळखपत्र यांपैकी जन्मतारीख असलेला एखादा पुरावा चालतो. त्या दिवशी वा त्यानंतर जन्मलेल्या बालकांसाठी मात्र जन्मदाखलाच लागतो. विवाह प्रमाणपत्राची अटही २०१६च्या अखेरीस काढून टाकण्यात आली आहे.

अर्ज पासपोर्ट सेवेच्या सरकारी संकेतस्थळावर भरून, शुल्क भरून भेटीची वेळ घ्यावी लागते. प्रौढांसाठी ३६ पानी पासपोर्टचे शुल्क १,५०० रुपये, ६० पानी पासपोर्टचे २,००० रुपये असून, तत्काळसाठी आणखी २,००० रुपये पडतात. साठीपुढील व्यक्तींना पहिल्या साध्या अर्जावर दहा टक्के सवलत आहे. सारख्याच दिसणाऱ्या बनावट संकेतस्थळांपासून सावध राहणे इष्ट.

ठरल्या दिवशी मूळ कागदपत्रे घेऊन सेवा केंद्रात जावे. २०१७ पासून अनेक टपाल कार्यालयांतही अशी केंद्रे सुरू झाल्याने लहान गावांतील कुटुंबांची मोठी पायपीट वाचली आहे. छायाचित्र व बोटांचे ठसे तेथेच घेतले जातात. त्यानंतर पोलीस पडताळणी होते. येथे व्यापारी घरांची एक चूक नेहमीची : सोयीसाठी पेढीचा पत्ता देणे. जेथे प्रत्यक्ष राहणे आहे तोच पत्ता द्यावा. नवे घर घेतले असल्यास आधारवरील पत्ता आधी बदलावा. जाणूनबुजून खोटी माहिती देणाऱ्यास पासपोर्ट कायदा, १९६७ अन्वये दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. ‘एजंट पाहून घेईल’ हे उत्तर तेथे उपयोगी पडत नाही, कारण माहितीची जबाबदारी अर्जदाराची असते.

प्रौढांचा पासपोर्ट दहा वर्षे चालतो. अनेक देश प्रवासाच्या वेळी किमान सहा महिन्यांची मुदत शिल्लक मागतात, हेही स्मरणात असावे. प्रवासाचा बेत नसतानाच हे काम उरकणे शहाणपणाचे; आणि घरात सुरुवात करायचीच, तर ती आई-आजींच्या पासपोर्टपासून करावी. त्यांची कागदपत्रे जुळवायलाच सर्वाधिक वेळ लागतो, आणि लेकीच्या बाळंतपणाची तारीख कोणत्याही कार्यालयासाठी थांबत नाही.