एका हातावर उजेड, दोन्ही हात बरे!

सिंहाच्या छाव्याला धड उभं राहता येत नाही, पाय बाहेरच्या बाजूला वाकलेत, असं कधी ऐकलंय का? एकोणिसाव्या शतकात लंडनच्या प्राणिसंग्रहालयात नेमकं हेच चाललं होतं. छाव्यांमागून छावे आजारी पडत आणि दगावत. खायला कमी नव्हतं, रोज घोड्याचं बिनचरबीचं मांस मिळे. मग बिघडलं कुठे?

१८८९च्या सुमारास जॉन ब्लँड-सटन या डॉक्टरांचा सल्ला घेतला गेला. त्यांनी छाव्यांचं जेवणच बदललं. मांसाबरोबर कुटलेली हाडं आली, दूध आलं आणि कॉड माशाच्या यकृतातून काढलेलं वासट तेल आलं. तीनेक महिन्यांत छावे सुधारले आणि हुंदडायला लागले!

आता खरी गोम ऐका. छाव्यांना जे झालं होतं तेच लंडन, मँचेस्टर, ग्लासगो अशा शहरांतल्या असंख्य मुलांनाही झालं होतं. आपल्याकडे या आजाराला मुडदूस म्हणतात. पाय बाकदार होतात, मनगटं जाड दिसतात, बरगड्यांवर ओळीने गाठी येतात. फ्रान्सिस ग्लिसन या इंग्रज डॉक्टरांनी १६५० मध्येच त्यावर अख्खं पुस्तक लिहिलं होतं. पण कारण सापडायला पुढची पावणेतीनशे वर्षं गेली!

ते कारण समजून घ्यायचं तर आधी हाड कशाचं असतं ते बघायला हवं. बांधकामावर स्लॅब टाकताना पाहिलंय ना? आधी लोखंडी सळ्यांची जाळी, मग त्यात काँक्रीट. हाडातही कोलॅजन नावाच्या प्रथिनाची जाळी असते आणि तिच्यात कॅल्शियम आणि फॉस्फरसचे कण घट्ट बसलेले असतात. जाळीमुळे हाडाला लवचीकपणा येतो आणि कणांमुळे कडकपणा. शरीरातलं ९९ टक्के कॅल्शियम हाडांत आणि दातांत असतं.

खोटं वाटतं? घरी कोंबडी शिजली तर तंगडीचं एक हाड मागून घ्या. स्वच्छ धुवा आणि बरणीत ते बुडेल इतकं व्हिनेगर घालून ठेवा. दर दोन दिवसांनी व्हिनेगर बदला. आठवडाभराने हाड बाहेर काढून वाकवून बघा. चक्क वाकतं! आम्लात कॅल्शियम विरघळून गेलं, मागे नुसती जाळी उरली. मुडदुसातही जाळी तयार होते, पण ती भरायला कॅल्शियम पुरत नाही. मुलांची हाडं टोकांपाशी, म्हणजे गुडघ्याजवळ, मनगटाजवळ लांबत असतात. तिथे रोज नवी जाळी विणली जाते, म्हणून कमतरतेचा पहिला फटका तिथेच बसतो. वर अंगाचं वजन पडलं की मऊ पाय वाकतात.

हे असं का होतं, यावरून डॉक्टरांत दोन तट पडले होते.

एका तटाचं म्हणणं, ऊन कमी पडतं. १८२२ मध्ये येंद्झे श्न्यादेत्स्की या पोलिश डॉक्टरांनी लिहिलं होतं की वॉर्सा शहरातल्या मुलांना मुडदूस होतो, आजूबाजूच्या खेड्यांतल्या मुलांना क्वचितच. मुलांना उन्हात न्या, असं ते सांगत. फारसं कुणी मनावर घेतलं नाही. पुढे थिओबाल्ड पाम हे डॉक्टर जपानमध्ये बरीच वर्षं काम करून इंग्लंडला परतले. जपानमध्ये क्वचितच दिसणारा आजार मायदेशी गल्लोगल्ली! त्यांनी देशोदेशीच्या मिशनरी डॉक्टरांना पत्रं लिहून माहिती मागवली आणि १८९० मध्ये निष्कर्ष छापला: जिथे धूर आणि अरुंद गल्ल्या, तिथे मुडदूस, जिथे लख्ख ऊन, तिथे नाही.

दुसरा तट म्हणे, चूक खाण्यात आहे. छाव्यांना तेलाने गुण आलाच होता. १९१९ मध्ये एडवर्ड मेलनबी यांनी कुत्र्याच्या पिल्लांना घरात ठेवून मुख्यतः ओटची लापशी खायला दिली. पिल्लांना मुडदूस झाला आणि कॉडच्या तेलाने तो बराही झाला. मेलनबी म्हणाले, बघा, आहारच! पण पिल्लं घरात होती, त्यांना ऊन मिळतच नव्हतं, याला त्यांनी महत्त्व दिलं नाही.

त्याच वर्षी तिकडे बर्लिनमध्ये कुर्ट हुल्डशिन्स्की हे डॉक्टर वेगळंच काही करत होते. पहिलं महायुद्ध नुकतंच संपलं होतं, अन्नाची टंचाई होती, मुडदूस झालेली मुलं पुष्कळ होती. हुल्डशिन्स्कींकडे पाऱ्याच्या वाफेचा एक दिवा होता. त्यातून सूर्यप्रकाशातल्यासारखे अतिनील किरण निघत. त्यांनी मुलांना त्या दिव्यासमोर बसवलं आणि हाडांचे एक्स-रे काढत राहिले. आठवडे गेले तसतशी एक्स-रेमधली हाडांची पुसट, फाटल्यासारखी दिसणारी टोकं भरत आली.

मग त्यांनी एक युक्ती केली. मुलाच्या एकाच हातावर उजेड पाडला आणि एक्स-रे दोन्ही हातांचे काढले. काय दिसलं असेल? दोन्ही हातांच्या हाडांत कॅल्शियम भरलं होतं! उजेड हाडापर्यंत पोहोचून काम करत असता, तर एकच हात सुधारला असता. म्हणजे उजेडामुळे त्वचेत काहीतरी तयार होतं आणि ते रक्तातून सगळीकडे जातं.

ते ‘काहीतरी’ तेलातही असतं, हे अमेरिकेत कळलं. एल्मर मॅककॉलम यांनी कॉडचं तेल तापवून त्यातून हवेचे बुडबुडे सोडले. तेलातलं ‘अ’ जीवनसत्त्व नष्ट झालं, तरी उंदरांचा मुडदूस त्या तेलाने बरा झालाच. म्हणजे तेलात आणखी एक पदार्थ होता. ए, बी, सी ही नावं आधीच दिली गेली होती, म्हणून १९२२ मध्ये याला ‘डी’ म्हटलं गेलं. आपण त्याला ड जीवनसत्त्व म्हणतो. दोन्ही तट बरोबर होते! याच्या अभ्यासासाठी जर्मनीच्या अडॉल्फ विंडाउस यांना १९२८ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

या शोधाच्या कथेत आपलं नाशिकही आहे बरं का. १९२१-२२ मध्ये हचिसन या डॉक्टरांनी सहकाऱ्यांसह नाशिकच्या मुडदुसावर लेख लिहिले. खाऊनपिऊन सुखी घरांतल्या, पण पडद्याआड वाढणाऱ्या मुलींत हा आजार दिसत होता. खाण्याची आबाळ असूनही दिवसभर बाहेर वावरणाऱ्या गरीब मुलांत तो दिसत नव्हता.

ड जीवनसत्त्व करतं तरी काय? त्वचेत ते तयार झालं की आधी यकृतात आणि मग मूत्रपिंडात त्याच्यावर प्रक्रिया होते. मग ते आतड्याला कॅल्शियम शोषून घ्यायला लावतं. ते नसेल तर खाल्लेल्या कॅल्शियमपैकी १० ते १५ टक्केच अंगी लागतं, असेल तर ३० ते ४० टक्के. अर्थात पोटात कॅल्शियम गेलं तर पाहिजे! नायजेरियात ऊन भरपूर असूनही मुलांना मुडदूस होतो, कारण त्यांच्या जेवणात कॅल्शियम फार कमी असतं, हे तिथल्या संशोधनात दिसलं. आपल्याकडे दूध, दही, तीळ, राजगिरा तर आहेतच, आणि नाचणी म्हणजे कॅल्शियमची खाणच. १०० ग्रॅम नाचणीत ३०० मिलिग्रॅमहून जास्त कॅल्शियम असतं.

आणि ऊन? ते आपल्याकडे फुकट आहे, पण त्याचीही एक खूण आहे. तुमची सावली तुमच्यापेक्षा छोटी असेल तेव्हाच्या उन्हात ड जीवनसत्त्व चांगलं तयार होतं. सकाळच्या कोवळ्या उन्हात सावली लांबच लांब पडते, तेव्हा अतिनील किरण फार थोडे पोहोचतात. खिडकीच्या बंद काचेआड बसलात तरी उपयोग नाही, काच ते किरण अडवते. म्हणून शाळेच्या मधल्या सुट्टीत वर्गात न बसता मैदानावर पळा. विदर्भातल्या मे महिन्याच्या भर दुपारी मात्र हा शहाणपणा नको!

सगळेच मुडदूस उन्हाने आणि नाचणीने बरे होतात असं नाही. १९३७ मध्ये फुलर ऑलब्राइट या अमेरिकन डॉक्टरांनी अशा मुलाची नोंद केली, ज्याला ड जीवनसत्त्वाच्या नेहमीच्या मात्रेने फरकच पडत नव्हता. अशा मुलांच्या शरीरातून लघवीवाटे फॉस्फरस वाहून जातो आणि हाडं भरत नाहीत. यातला सर्वांत जास्त आढळणारा प्रकार आनुवंशिक असतो. त्याच्या मुळावर काम करणारं बुरोसुमॅब हे इंजेक्शन २०१८ मध्ये वापरात आलं.

तुमच्या घरी नुकतं चालायला लागलेलं भावंड असेल आणि त्याचे पाय थोडे बाकदार दिसत असतील, तर लगेच घाबरू नका. दोन वर्षांपर्यंत बऱ्याच बाळांचे पाय तसेच असतात. पण बाक वाढतच गेला, किंवा मनगटं जाड दिसायला लागली, तर आईबाबांना सांगा आणि डॉक्टरांकडे जायला लावा. ड जीवनसत्त्वाच्या पुड्या आणि गोळ्या कुणाचं ऐकून घ्यायच्या नाहीत, जास्त झाल्या तर त्या अपाय करतात. खेळायला आणि ताटातली नाचणीची भाकरी संपवायला मात्र कुणाची चिठ्ठी लागत नाही. तेवढं आजपासूनच सुरू करा!