गाडी डावीकडेच का खेचते?

गाडी एका बाजूला खेचते अशी तक्रार घेऊन टायरच्या दुकानात जा, उत्तर तयार असतं: ‘अलाइनमेंट करून घ्या.’ गाडी रॅम्पवर चढते, चाकांना सेन्सर अडकवले जातात, पडद्यावरचे लाल आकडे हिरवे होतात, पैसे दिले जातात. बाहेर पडल्यावर पहिल्याच सरळ रस्त्यावर गाडी पुन्हा डावीकडे. यात कारागिराची लबाडी असतेच असं नाही. बहुतेक वेळा रोग एक असतो आणि औषध दुसऱ्याच रोगाचं दिलेलं असतं.

आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांत रॅम्पवर बदलता येण्यासारखा कोन एकच असतो, पुढच्या चाकांचा टो. गाडी वरून पाहिली तर पुढच्या दोन चाकांची तोंडं किंचित आत वळलेली आहेत की बाहेर, याचं हे माप. ते चुकलं तर टायर कडेने कातरल्यासारखे झिजतात, स्टेअरिंग वाकडं बसतं. पण गाडी सहसा खेचत नाही, कारण दोन्ही चाकं एकाच स्टेअरिंग रॅकला जोडलेली असतात. चालत्या गाडीत ती चूक आपसांत निम्मी-निम्मी वाटून घेतात आणि गाडी सरळ जाते. म्हणून जाणता मेकॅनिक आधी एकच प्रश्न विचारतो: ‘स्टेअरिंग वाकडं आहे, की गाडी खेचते?’ स्टेअरिंग तिरकं धरल्यावर गाडी सरळ जात असेल आणि हाताला जोर लागत नसेल तर ते टोचं किंवा मागच्या चाकांच्या दिशेचं प्रकरण. हात सैल केल्यावर गाडी लेन सोडत असेल तर ते खेचणं.

लेन सोडायला फार काही लागतही नाही. पुढची चाकं अंशाच्या दहाव्या भागाइतकी वळली, तर सुमारे २.४ मीटर व्हीलबेस असलेली गाडी जवळपास १,४०० मीटर त्रिज्येच्या वर्तुळावर धावू लागते. शंभर मीटर पुढे जाईपर्यंत ती साडेतीन मीटर बाजूला गेलेली असते, म्हणजे महामार्गाची एक अख्खी लेन. ताशी ६० किलोमीटरला त्यासाठी सहा सेकंद पुरतात. इतक्या थोडक्यात तोल जाणारं यंत्र एरवी सरळ चालतं, याचंच खरं तर नवल वाटायला हवं.

पहिला संशयित गाडीत नसतोच. पाणी वाहून जावं म्हणून डांबरी रस्त्याला मधून कडेकडे दोन ते अडीच टक्के उतार दिलेला असतो. आपण डावीकडून चालतो, त्यामुळे उतारही डावीकडेच मिळतो. बाराशे किलोच्या गाडीला दोन टक्के उतार म्हणजे चोवीस किलोचं बाजूला ओढणारं बळ, तेही अखंड. निरोगी गाडीसुद्धा अशा रस्त्यावर हळूहळू डावीकडे सरकणार. अमेरिकेत हीच तक्रार उजवीकडची असते. तेव्हा निदान करायचं तर सपाट जागा शोधावी. मोठं रिकामं पार्किंग चालेल, किंवा साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी एमआयडीसीतला एखादा सपाट, मोकळा रस्ता. तिथे तोच पट्टा दोन्ही दिशांनी चालवून पाहावा. जाताना डावीकडे आणि येताना उजवीकडे गेली तर दोष जमिनीचा किंवा वाऱ्याचा. दोन्ही वेळा डावीकडेच गेली तर मात्र गाडीचा.

मग हवा. ज्या बाजूला हवा कमी, त्या बाजूला गाडी ओढते, कारण तो टायर जास्त दबतो आणि जास्त विरोध करतो. रेडियल टायर हवा भरलेली असतानाही खाली थोडा फुगलेला दिसतो, तेव्हा नजरेवर विसंबू नये, गेज लावावं. तेही टायर थंड असताना. यापुढे जास्त काही सांगण्यासारखं नाही, पण अनेकांचं काम इथेच होतं.

हवा बरोबर आहे आणि तरीही गाडी खेचते, तर मला सगळ्यात आधी शंका येते खुद्द टायरची. नवाकोरा टायरही याला अपवाद नाही. रेडियल टायरच्या पोटात, धावेच्या खाली, पोलादी तारांचे पट्टे असतात. कारखान्यात ते मध्यापासून जरासे सरकून बसले, तर टायरची एक कड दुसरीपेक्षा ताठ होते. बाहेरून काही दिसत नाही, बॅलन्सिंगच्या यंत्रालाही ते कळत नाही. पण वजन पडलं की असा टायर शंकूसारखा वागू लागतो. खाऱ्या दाण्यांची कागदी पुडी टेबलावर आडवी लोटून पाहा. ती सरळ जात नाही, टोकाभोवती फिरते. टायरही सतत आपल्या एकाच कडेकडे वळू पाहतो. या दोषाला कोनिसिटी म्हणतात.

तो पकडण्याची युक्ती फुकट आहे आणि तिला जॅक, पाना यांपलीकडे काही लागत नाही. पुढची दोन चाकं डावी-उजवी अदलाबदल करायची. खेचण्याची दिशा उलटली तर दोषी टायर. जोर नुसता कमी झाला किंवा नाहीसा झाला, तरीही बोट टायरकडेच. काहीच फरक पडला नाही तर बहुधा टायर निर्दोष, पुढे चला. टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर मात्र अशी अदलाबदल करू नये. तिथे पुढचं चाक त्याच बाजूला मागे न्यावं. रॅम्पवर चढण्याआधी हे का केलं जात नाही, हे मला न उलगडलेलं कोडं आहे. अदलाबदलीचं बिल होत नाही, हे एक कारण असू शकेल.

टायर सुटला की संशय जातो कॅम्बर आणि कास्टर या दोन कोनांवर. चाकाचा वरचा भाग बाहेर झुकला आहे की आत, तो कॅम्बर. ज्या बाजूचं चाक वरून जास्त बाहेर झुकलेलं, त्या बाजूला गाडी जाते. दोन्ही बाजूंत अर्ध्या अंशाचा फरकही हाताला जाणवू शकतो. कास्टर म्हणजे चाक ज्या अक्षाभोवती वळतं, त्याचा मागे असलेला कल. वळणानंतर स्टेअरिंग आपोआप सरळ होतं ते मुख्यतः त्याच्यामुळे. ज्या बाजूला कास्टर कमी, त्या बाजूला गाडी वळते. आता पावसाळ्यात कडेच्या खड्ड्यात डावं चाक आदळलं असं समजा. धक्क्याने लोअर आर्म मागे वाकतो, चाकाचा तळ मागे सरकतो, डाव्या बाजूचा कास्टर घटतो. गाडी डावीकडे खेचू लागते, आणि रस्त्याचा उतार त्यात भर घालतो. हा कोन बहुतेक छोट्या गाड्यांत पाना फिरवून सुधारता येत नाही. वाकलेला भागच बदलावा लागतो.

ब्रेक दाबल्यावरच गाडी खेचत असेल तर तर्क थोडा उलटा चालवावा लागतो. गाडी डावीकडे गेली म्हणून डावा ब्रेक बिघडलेला, असा समज सर्रास आढळतो. प्रत्यक्षात अनेकदा डावा ब्रेक आपलं काम चोख करत असतो, कामचुकार उजवा असतो. त्याच्या कॅलिपरच्या पिना गंजून अडकलेल्या असतात किंवा पॅडवर तेल उतरलेलं असतं. ब्रेक न दाबताही एका बाजूला ओढ असेल, आणि थोडं अंतर चालवून थांबल्यावर त्या बाजूच्या चाकाजवळ हात नेताच धग लागत असेल, तर तिथला कॅलिपर सुटतच नाही असं समजावं. हात जवळ न्यायचा, डिस्कला लावायचा नाही. पॅड, पिना सगळं ठीक असूनही ब्रेक लावताना गाडी हलते, तेव्हा लोअर आर्मच्या मागच्या बुशकडे पाहावं. रबर फाटलेलं असलं की ब्रेकच्या ताणाने अख्खं चाकच मागे सरकतं.

दोन बाजूंच्या ब्रेकमधला हा फरक सोसता यावा म्हणून अभियंत्यांनी भूमितीच बदलली. १९७२ च्या ऑडी ८० मध्ये चाकाचा वळण्याचा अक्ष जमिनीला टायरच्या मध्याच्या बाहेरच्या बाजूला टेकेल, अशी रचना होती. त्यामुळे एका बाजूचा ब्रेक जास्त धरला, तर तेच चाक स्वतःहून उलट दिशेला वळून गाडी सावरतं. पुढे ही रचना पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांत रुळली.

आता यात इलेक्ट्रिक स्टेअरिंगची भर पडली आहे. त्याच्या सेन्सरचा शून्यबिंदू सरकला असेल, तर टायर आणि सगळे कोन बरोबर असूनही मोटर एका बाजूला हलका जोर लावत राहते. उलट काही गाड्यांत ही मोटर सततची ओढ ओळखून तिच्याविरुद्ध परस्पर जोर लावते, म्हणजे दोष झाकला जातो. म्हणून अलाइनमेंट केलीच तर आधीचा आणि नंतरचा, दोन्ही कागद मागून घ्यावेत. टोचे आकडे हिरवे झालेले असतीलच. बघायचे ते कॅम्बर आणि कास्टरच्या रकान्यांतले आकडे, आणि तेही डावा-उजवा शेजारी शेजारी ठेवून. प्रत्येक आकडा मर्यादेत असूनही दोघांत फरक मोठा असू शकतो, आणि गाडी खेचते ती या फरकामुळे.