अलकनंदेचा प्राचीन प्रकाश

कार्तिकांतील काळोख्या रात्रीं, नगरचे दिवे मागें टाकून चांदबिबीच्या महालाकडे गेलें, तर देवयानीच्या तारकांपाशीं एक धूसर ठिपका दिसतो. तें एक तारकाविश्वच होय. त्याचा प्रकाश येथें पोहोंचण्यास सुमारें २५ लक्ष वर्षें लागतात. अर्थात् आपण पाहतों तें त्याचें आजचें रूप नव्हे. जितकें दूर पाहावें, तितका जुना काळ दिसतो.

परंतु अतिदूरचा प्रकाश विश्वाच्या प्रसरणामुळें ताणला जाऊन तांबड्या रंगापलीकडे, म्हणजे अवरक्त, होतो. तो डोळ्यांस अदृश्य, आणि वातावरणाचाही त्यास अडथळा. म्हणूनच २५ डिसेंबर २०२१ रोजीं ‘जेम्स वेब’ ही ६.५ मीटर व्यासाच्या आरशाची दुर्बीण अंतराळांत पाठविण्यांत आली.

तिच्या छायाचित्रांत, आमच्या शेजारच्या पुण्यांतील राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राच्या राशी जैन व योगेश वाडदेकर यांस एक सर्पिल तारकाविश्व आढळलें. हा शोध २०२५ सालीं प्रसिद्ध झाला. त्यास त्यांनीं ‘अलकनंदा’ हें नांव दिलें. हिंदींत आकाशगंगेस मंदाकिनी म्हणतात, आणि हिमालयांतील या दोन्ही नद्या बहिणी! नांव आम्हांस फार आवडलें.

हा प्रकाश निघाला सुमारें १२ अब्ज वर्षांपूर्वीं, विश्व अवघें दीड अब्ज वर्षांचें असतां. त्या कोवळ्या काळांतील तारकाविश्वें ओबडधोबड असावींत, असे सुबक बाहू घडण्यास अब्जावधि वर्षें लागावींत, असा शास्त्रज्ञांचा समज होता. अलकनंदेचे दोन बाहू तर स्पष्ट दिसतात. ते थंड वायूच्या ओघानें घडले, कीं लहानशा शेजारी तारकाविश्वाच्या ओढीनें, हें आतां तिच्यांतील वायूची गति मोजून पाहावयाचें आहे.