वक्तृत्वावर पीएचडी करता येते का? मावळ-लोणावळ्यातील पदवीधरांनी आधी हे नियम वाचा

ग्रामसभेत एकाच्या बोलण्याने ठराव फिरतो आणि दुसऱ्याचे कुणी ऐकूनही घेत नाही. असे का होते, याचा अभ्यास अमेरिकेत ‘ऱ्हेटरिक’ म्हणजे वक्तृत्वशास्त्र या नावाने होतो. बर्कलेच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात त्यासाठी स्वतंत्र विभाग आहे. भाषण, कीर्तन, जाहिरात किंवा व्हॉट्सॲपवरचा फॉरवर्ड माणसाचे मत कसे वळवतो, हा या विषयाचा गाभा. वक्तृत्व स्पर्धेतल्या टाळ्यांशी त्याचा संबंध थोडाच.

आपल्याकडे कुठे?

‘नेट’च्या विषययादीत वक्तृत्वशास्त्र नाही. जवळचा विषय म्हणजे जनसंवाद आणि पत्रकारिता. लोणावळा, कामशेत, तळेगावच्या विद्यार्थ्याला सोयीचे ठिकाण पुण्यातले रानडे इन्स्टिट्यूट, म्हणजे सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा संज्ञापन व वृत्तपत्रविद्या विभाग. लोकलने शिवाजीनगरला उतरले की तो जवळच आहे.

विषय शोधायला मात्र लांब जावे लागत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ डिसेंबर १९५४ रोजी देहूरोडला बुद्धमूर्तीची स्थापना केली आणि तिथे भाषणही केले. आंबेडकरांच्या वक्तृत्वावर आणि त्यांचे कोलंबियातील गुरू जॉन ड्यूई यांच्या प्रभावावर टेक्सास विद्यापीठातील संज्ञापनाचे प्राध्यापक स्कॉट स्ट्राउड यांनी २०२३ मध्ये इंग्रजीत ग्रंथ लिहिला. ऑस्टिनमध्ये बसून हे होते, तर लोकलच्या अंतरावर राहणाऱ्याने का करू नये?

दुसरे उदाहरण पवना जलवाहिनीचे. ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊर येथे आंदोलकांवर पोलिसांनी गोळीबार केला, त्यात तीन शेतकऱ्यांचा मृत्यू झाला. ही घटना शेतकऱ्यांनी कशी मांडली, सरकारने कशी आणि वृत्तपत्रांनी कोणत्या शब्दांत, हा पक्का संशोधनविषय आहे. साक्षीदार अजून गावातच आहेत. कार्ल्याच्या लेण्यातही वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीने हे जंबुद्वीपातले सर्वोत्तम शैलगृह असल्याचे कोरून ठेवले आहे. दोन हजार वर्षांपूर्वीची जाहिरातच म्हणा!

प्रवेश कसा?

पदव्युत्तर पदवीला ५५ टक्के गुण हवेत, राखीव प्रवर्गाला पाच टक्के सूट. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार चार वर्षांची पदवी ७५ टक्क्यांनी मिळवलेलेही पात्र ठरतात. नेट देताना पदवीची शाखा आड येत नाही, त्यामुळे इंजिनीअरलाही जनसंवाद हा विषय निवडता येतो. नेटच्या गुणांवर प्रवेश असेल तर परीक्षेला ७० आणि मुलाखतीला ३० टक्के भार असतो. किमान कालावधी तीन वर्षे, कमाल सहा. महिलांना दोन वर्षांची जादा सवलत आहे.

नोकरी सांभाळून?

अर्धवेळ पीएचडीला परवानगी आहे, पण मालकाचे ना हरकत प्रमाणपत्र लागते. त्यात कोर्सवर्कसाठी गरज पडल्यास सुट्टी देऊ, असे लिहून द्यावे लागते. चाकण-तळेगावच्या कंपनीतून ते मिळवणे हीच खरी प्रवेश परीक्षा. ऑनलाइन किंवा दूरस्थ पीएचडी यूजीसीला मान्य नाही. तशी जाहिरात दिसली तर पैसे भरू नका.

पैसे आणि पुढची नोकरी

जेआरएफ मिळाली तर सुरुवातीला महिना ३७ हजार रुपये, पुढे ४२ हजार. बार्टी, सारथी, महाज्योती यांच्याही फेलोशिप आहेत, मात्र त्यासाठी विद्यार्थ्यांना वारंवार आंदोलने करावी लागली आहेत. त्या भरवशावर नोकरी सोडणे धोक्याचे. शिवाय जुलै २०२३ पासून सहायक प्राध्यापकपदासाठी पीएचडी सक्तीची नाही, नेट किंवा सेट पुरते. फक्त नोकरीसाठीच पीएचडी करायची असेल, तर हा हिशेब आधी मांडावा.

मार्गदर्शक मिळणे हा शेवटचा आणि सर्वांत अवघड टप्पा. प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चारच विद्यार्थी घेता येतात. निवृत्तीला तीन वर्षांपेक्षा कमी काळ उरलेल्यांना नवे विद्यार्थी घेता येत नाहीत. त्यामुळे अर्ज भरण्याआधी विभागात कोणाकडे जागा रिकामी आहे, ते प्रत्यक्ष जाऊन विचारा.