वेलिंग्टनचे पत्र : पंतप्रधानांच्या शेजारचा माणूस

पोलादपूरच्या माझ्या आत्तेभावाला जन्मापासून ऐकू येत नाही. शाळा त्याला फारशी मिळाली नाही. घरच्यांनी आणि त्याने मिळून जमवलेल्या खुणांवर त्याचा संसार चालतो. मागच्या खेपेला गावी आलो तेव्हा त्याला मोबाइलवर इकडची, न्यूझीलंडची, एक जुनी चित्रफीत दाखवली. कोविडच्या दिवसांत पंतप्रधान जसिंडा आर्डर्न दुपारी एकला देशाशी बोलत, तेव्हा शेजारी खुणांच्या भाषेचा दुभाषी उभा असे. ॲलन वेंट हा त्यांतला लोकांना ओळखीचा झालेला चेहरा. भाऊ आर्डर्नबाईंकडे पाहतच नव्हता. त्याने वेंट यांच्यावर बोट ठेवले आणि तळहात गुडघ्यापासून छातीपर्यंत वर नेला. आमच्या घरात ती 2021 च्या पुराची खूण आहे. तेव्हा हा माणूस कुठे होता, असे तो विचारत होता.

त्या जुलैत भाऊ महाडात कामाला होता. 22 तारखेला शहर पाण्यात गेले, तळिये गावावर डोंगर आला, पोलादपूर तालुक्यातही दरडी कोसळल्या. शेजाऱ्यापाजाऱ्यांनी हाका मारल्या, फोन केले. भावाला उठवले ते खिडकीतून त्याच्या तोंडावर टॉर्च मारणाऱ्या शेजाऱ्याने. शेजारी चांगला म्हणून तो वाचला.

ऐकू न येणाऱ्यांपर्यंतही इशारा पोचला पाहिजे, हा धडा न्यूझीलंडलाही आपत्तीनेच दिला. 22 फेब्रुवारी 2011 च्या क्राइस्टचर्च भूकंपात 185 माणसे गेली. त्या दिवसांत जेरेमी बोरलँड नावाचे दुभाषी टीव्हीवर अधिकाऱ्यांच्या शेजारी उभे राहिले आणि पडद्यावर हातांनी बोलणारा माणूस लोकांच्या सवयीचा झाला. त्याच क्राइस्टचर्चजवळ समनर इथे 1880 साली सरकारी मूकबधिर शाळा निघाली होती. ओठ वाचा, तोंडाने बोला, हात हलवायचे नाहीत, असा तिथला नियम जवळजवळ शंभर वर्षे चालला; 1979 मध्ये तो बदलला. मुले मात्र वसतिगृहात, मोठ्यांची नजर चुकवून, हातांनी बोलतच राहिली. तीच भाषा 2006 च्या कायद्याने, माओरीच्या जोडीने, या देशाची अधिकृत भाषा झाली.

कायदा तसा तोकडा आहे. खुणांच्या भाषेत बोलण्याचा ठाम हक्क तो देतो फक्त न्यायालयीन कामात. बाकी सरकारी खात्यांना नुसती मार्गदर्शक तत्त्वे. दुभाष्यांची चणचण आहे, माओरी जाणणाऱ्यांची तर फारच. पण खुणांना भाषा म्हटल्यावर मागणी बदलते : ती मदतीची न राहता हक्काची होते. आपल्याकडे पक्ष कर्णबधिरांना आठवतात ते पेन्शनच्या आणि कानयंत्र वाटपाच्या ओळीत. ती मदत हवीच. परंतु कानयंत्राने भावाला उमेदवाराचे भाषण कळणार नाही.

इथले पक्ष कर्णबधिरांची मते का मोजतात, याचे एक कारण मला निवडणुकीच्या पद्धतीत दिसते. मतदाराला दोन मते असतात : एक स्थानिक उमेदवाराला, एक पक्षाला. पक्षाची मते देशभरातून गोळा होतात. आपल्याकडे एका वाडीत एक कर्णबधिर, दुसरा डोंगरापलीकडे. महाड मतदारसंघात त्यांचा आवाज कुठेच एकवटत नाही. इथे विखुरलेली मतेही पक्षाच्या बेरजेत येतात. 2011 मध्ये ग्रीन पक्षाच्या यादीत चौदाव्या क्रमांकावर मोजो मॅथर्स होत्या. मागाहून मोजलेल्या विशेष मतांनी पक्षाला चौदावी जागा मिळाली आणि देशाची पहिली कर्णबधिर खासदार संसदेत पोचली. पोचल्यावर वाद निघाला तो सभागृहातले बोलणे त्यांच्यासाठी टंकित करणाऱ्यांचा खर्च कोणी करायचा यावर. सभापतींनी आधी त्यांच्याच भत्त्याकडे बोट दाखवले. लोक संतापले, तेव्हा संसदेने तो खर्च उचलला.

त्या अनुभवाचे पुढे जे झाले ते मला सगळ्यात मोलाचे वाटते. मॅथर्स यांनी तयार केलेले विधेयक, 2017 च्या निवडणुकीत त्यांची जागा गेल्यावर, क्लोई स्वॉरब्रिक यांनी पुढे नेले आणि 2020 मध्ये ‘निवडणूक प्रवेश निधी’चा कायदा झाला. 2022 पासून अपंग उमेदवाराला दुभाष्यासारखा जादा खर्च निवडणूक आयोगाकडून मिळू शकतो. म्हणजे कर्णबधिर माणूस फक्त मतदार धरलेला नाही, उमेदवार धरला आहे.

आपल्याकडे काहीच नाही असे नव्हे. 2015 पासून दिल्लीत भारतीय सांकेतिक भाषेची संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे, तिने दहा हजार शब्दांचा कोश केला आहे. काँग्रेसच्या 2024 च्या जाहीरनाम्यात ब्रेल आणि सांकेतिक भाषेला भाषा म्हणून मान्यता देण्याचे वचन होते. त्याआधी डिसेंबर 2023 मध्ये निवडणूक आयोगाने पक्षांना सांगितले की मुका, बहिरा, आंधळा असे शब्द प्रचारात कोणाला हिणवायला वापरू नका. पण आमच्या वाडीत आजही उमेदवाराची गाडी भोंगा लावून येते, आणि भावाला कळते ते जोडलेले हात आणि चिन्ह.

म्हणून महाड-पोलादपूरच्या वाचकांना माझी विनंती आहे. ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातला 5 टक्के निधी अपंगांसाठी राखून ठेवायचा असतो. पुढच्या ग्रामसभेत उभे राहून विचारा, त्यातून सभेला दुभाषी आणता येईल का? आणि वाडीत ऐकू न येणारी माणसे कोणकोणत्या घरांत आहेत, रात्री पाणी चढले तर त्यांच्या खिडकीत टॉर्च कोण मारणार, हे मृगाच्या आधी लिहून ठेवा. मते मागायला जो येईल, त्याच्या हाती तो कागद द्या.