गोंदण, ओळख आणि पुरावा : एल साल्वादोरमधील टोळ्यांची चिन्हव्यवस्था

गुन्हेगारी टोळ्यांची चिन्हे हा विषय आपल्याकडे बहुधा वृत्तपत्रीय कुतूहलापुरता मर्यादित राहतो. वस्तुतः चिन्हमीमांसा, गुन्हेशास्त्र आणि पुराव्याचा कायदा या तिन्ही ज्ञानशाखांना तो स्पर्श करतो. प्रस्तुत लेखात मध्य अमेरिकेतील एल साल्वादोर या देशातील ‘मारा साल्वात्रुचा’ (एमएस-१३) आणि ‘बारिओ १८’ या टोळ्यांच्या संदर्भात त्याचा विचार केला आहे.

या दोन्ही टोळ्यांचे मूळ एल साल्वादोरमध्ये नसून लॉस एंजेलिसमध्ये आहे. १९८० ते १९९२ या काळातील यादवी युद्धामुळे देशोधडीला लागलेली साल्वादोरी कुटुंबे मोठ्या संख्येने त्या शहरात आली. ‘बारिओ १८’ ही मेक्सिकन वंशाच्या तरुणांची टोळी तेथे आधीपासून होती. ‘मारा साल्वात्रुचा’ नव्याने आलेल्या साल्वादोरी मुलांनी उभी केली. ही मुले सुरुवातीस हेवी मेटल संगीताची चाहती होती. दोन बोटे शिंगांप्रमाणे उभारण्याची त्यांची हस्तमुद्रा त्या संगीतातूनच आली. ‘१३’ हा आकडा मात्र तुरुंगातला आहे. ‘एम’ हे रोमन वर्णमालेतील तेरावे अक्षर असून, कॅलिफोर्नियाच्या तुरुंगांवर वर्चस्व असलेल्या ‘मेक्सिकन माफिया’शी निष्ठा त्यातून व्यक्त होते. प्रतिस्पर्धी टोळी ‘१८’ हा आकडा रोमन अंकांत, तर कधी तीन षट्‌कांची बेरीज म्हणून ‘६६६’ असा गोंदवते.

१९९६ च्या अमेरिकी स्थलांतर कायद्यानंतर हद्दपारीचे प्रमाण वाढले आणि तरुणांबरोबर ही चिन्हेही मायदेशी गेली. कॅलिफोर्नियातील तुरुंगाच्या उतरंडीचा आकडा सान साल्वादोरच्या भिंतींवर उमटला. तेथे त्याचा मूळ संदर्भ जवळजवळ निरर्थक होता. ‘हा मोहल्ला कोणाचा’ एवढाच अर्थ उरला.

शासनाने या चिन्हांना दिलेला प्रतिसाद अधिक उद्‌बोधक आहे. जुलै २००३ मध्ये राष्ट्राध्यक्ष फ्रान्सिस्को फ्लोरेस यांनी ‘मानो दुरा’, म्हणजे कठोर हाताचे, धोरण जाहीर केले. त्यापाठोपाठ आलेल्या कायद्याने गोंदणासारख्या खुणांवरून टोळीचे सदस्यत्व ठरवण्यास वाव दिला. एप्रिल २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरवला. तोवर टोळ्यांनी बोध घेतला होता : नव्या सदस्यांनी दिसेल असे गोंदवून घेऊ नये, असा दंडक रूढ होऊ लागला. परिणामी चेहऱ्यावर अक्षरे मिरवणारा मनुष्य बहुधा जुन्या पिढीचा ठरला, आणि सक्रिय सदस्याची त्वचा कोरी राहू लागली. चिन्ह वाचणारा सरसावला की चिन्ह लिहिणारा सावध होतो, हे धोरणकर्त्यांच्या लक्षात का येऊ नये, याचे नवल वाटते.

येथे आपल्या इतिहासातील ‘गोदना’ शिक्षेचे स्मरण अप्रस्तुत होणार नाही. कंपनी सरकारच्या काळात बंगाल व मद्रास इलाख्यांत काही कैद्यांच्या कपाळावर त्यांचा गुन्हा गोंदवला जाई. १८४९ मध्ये ही शिक्षा रद्द झाली. तेथे राज्यसंस्था स्वतः लिहीत होती, त्यामुळे मजकुराच्या अर्थाविषयी तिला शंका नव्हती. टोळीचे गोंदण ती केवळ वाचू शकते, आणि वाचन चुकू शकते.

ही चूक किती महाग पडते, हे अलीकडच्या घटनांतून दिसते. २६ मार्च २०२२ या एका दिवसात एल साल्वादोरमध्ये ६२ हत्या झाल्या आणि दुसऱ्या दिवशी आणीबाणी लागू झाली. त्यानंतर ८० हजारांहून अधिक लोकांना अटक झाली. हत्यांचे प्रमाण विलक्षण घटले, हे मान्यच करावे लागेल. मात्र सुमारे ८ हजार निरपराध सोडून द्यावे लागल्याचे राष्ट्राध्यक्ष नायिब बुकेले यांनीही २०२४ मध्ये कबूल केले. मार्च २०२५ मध्ये अमेरिकेने दोनशेहून अधिक व्हेनेझुएलन नागरिकांना ‘त्रेन दे अराग्वा’ टोळीचे सदस्य ठरवून तेथील ‘सेकोत’ या महातुरुंगात पाठवले. न्यायालयात उघड झालेल्या गुणपत्रकात टोळीनिष्ठा दर्शवणाऱ्या गोंदणाला ४ गुण होते. ८ गुण झाले की सदस्यत्व सिद्ध. वास्तविक या टोळीची स्वतःची अशी गोंदणपद्धती नाही, असे तिच्या अभ्यासकांचे मत आहे. मुकुटाची आकृती गोंदवलेल्या एका बंदिवानाच्या वकिलांनी ती फुटबॉल क्लबच्या बोधचिन्हावरून घेतल्याचे न्यायालयापुढे मांडले. जुलै २०२५ मध्ये कैद्यांच्या अदलाबदलीत २५२ व्हेनेझुएलन मायदेशी परतले. ‘सेकोत’मध्ये घालवलेल्या चार महिन्यांत त्यांच्यापैकी कोणालाही आपल्या गोंदणाचा अर्थ न्यायाधीशासमोर स्वतः सांगण्याची संधी मिळाली नव्हती.